गाडीचे ब्रेक पॅड : केव्हा बदलावेत आणि खर्च किती येतो



शेतकी खात्याच्या या पानावर एरवी बेणे, लागण, खोडवा आणि हुमणी यांविषयीच मजकूर असतो. या खेपेस गाडीच्या ब्रेकविषयी लिहीत आहे. कारण सरळ आहे. प्लॉट पाहणीसाठी वस्तीवर गेलो की पूर्वी दारात बैलगाडी आणि फार तर एखादी मोटारसायकल दिसे. आता बऱ्याच ठिकाणी चारचाकी उभी असते. कुणाची लहान मोटार, कुणाची जीप, कुणाचा पिकअप. गळीत हंगाम सुरू झाला की हीच गाडी उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या आणि सायकलवरून शाळेला निघालेली पोरे यांच्यामधून रोज वाट काढते. रस्ता तोच, रुंदी तीच, आणि त्यावर रात्री दिवे नसलेली वाहने. अशा रस्त्यावर आपला आणि दुसऱ्याचा जीव ज्या वस्तूवर अवलंबून असतो तिची जाडी बोटाच्या पेराहूनही कमी आहे. ती वस्तू म्हणजे ब्रेक पॅड.

सभासद विचारतात, "साहेब, पॅड किती किलोमीटरला बदलायचे?" या प्रश्नाला एकच आकडा सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. उसाला पाणी दर किती दिवसांनी द्यावे, असे विचारल्यासारखेच ते आहे. जमीन कोणती, हंगाम कोणता, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पॅड किलोमीटरवर नव्हे, जाडीवर बदलायचे असतात, आणि ती जाडी आपली आपल्याला पाहता येते.

आधी रचना समजून घेऊ. जुन्या जीप, अँबॅसडर, पद्मिनी यांच्या काळात चारही चाकांत ड्रम असत. ड्रमच्या आत दोन शू, त्यांवर लायनर. लायनर झिजला की पेडल खाली खाली जाई, आणि ड्रायव्हर मिस्त्रीला म्हणे, "ब्रेक जरा टाईट करून द्या." म्हणजे झीज पायाला कळत होती. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत मागे ड्रमच असतात, पण पुढे डिस्क असते. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे दोन पॅड. पेडल दाबला की ब्रेक ऑईलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनवर येतो आणि फिरते ताट दोन बोटांच्या चिमटीत धरावे तशी डिस्क धरली जाते.

यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पॅड जसजसा झिजतो तसतसा पिस्टन आपोआप पुढे सरकून राहतो. मधली फट तेवढीच राहते, म्हणून पेडलही तेवढाच राहतो. नवा पॅड असताना जिथे ब्रेक लागत होता, तिथेच तो अगदी शेवटच्या मिलिमीटरपर्यंत लागतो. ज्यांचा हात जुन्या जीपवर बसला त्यांची इथेच फसगत होते. "ब्रेक तर झकास लागतोय, कशाला बदलायचे?" असे ते म्हणतात, आणि त्या दिवसापुरते ते खरेही असते.

मग झीज दिसते कुठे? ती बॉनेटखाली दिसते. पिस्टन पुढे गेला की त्याच्या मागच्या जागेत ऑईल जाते आणि वरच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते. पुष्कळजण डबी उतरलेली पाहून वरून ऑईल घालतात आणि निर्धास्त होतात. तसे करू नये. पातळी उतरली तर आधी पॅड पाहावेत आणि कुठे गळती आहे का तेही पाहावे. वरून भरलेले ऑईल नवे पॅड बसवताना उलट वर येते, डबीतून सांडते आणि जिथे पडेल तिथला रंग खाते.

आता पॅड नेमके काय काम करतात ते पाहू. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करतो. माणसांसकट १,३०० किलो भरणारी मोटार ताशी ८० किलोमीटर वेगातून एकदा पूर्ण थांबवली, तर जी उष्णता निघते तिच्यावर साधारण एक लिटर पाणी उकळीला येईल. हे सारे चार-पाच सेकंदांत, आणि बहुतांशी पुढच्या दोन चाकांत, कारण ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो. आता तीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट फक्त ब्रेकवर उतरवली, तर बारा लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता त्या डिस्क-पॅडमधून जाते. पॅड जाड असेल तर तो ही उष्णता मागे जाऊ देत नाही. पातळ झालेला पॅड ती थेट पिस्टनकडे आणि ऑईलकडे सोडतो. ऑईल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबला तर दाबले जातात ते बुडबुडे. पाय तळाला जातो, गाडी मात्र थांबत नाही. "घाटात अचानक ब्रेक फेल झाला" असे आपण ऐकतो, त्यातल्या कित्येकांची तयारी महिनोन्महिने चाललेली असते.

वेगाचे गणितही इथेच सांगून टाकतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना, ४० च्या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ९ मीटरवर थांबते. ८० च्या वेगात त्याला ३५ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. शिवाय पुढे ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो, त्यात ८० च्या वेगाने गाडी आणखी २२ मीटर पुढे गेलेली असते. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, ते चांगलेच झाले. पण एबीएसचे काम चाक जागच्या जागी अडकू न देणे एवढेच. झिजलेल्या पॅडला ते नवा करीत नाही.

जाडी कशी पाहावी? नव्या पॅडवरचे घर्षणाचे अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटर असते. ते ४ वर आले की लक्ष ठेवावे, ३ वर आले की बदलावे, आणि २ च्या खाली गेल्यावर गाडी गॅरेजशिवाय दुसरीकडे नेऊ नये. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा. तेवढी जाडी म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. पुष्कळ गाड्यांत चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो. मात्र अस्तर ज्या लोखंडी पट्टीवर चिकटवलेले असते ती पट्टी मोजू नका. तीच चार-पाच मिलिमीटर असते आणि तिलाच पॅड समजून "अजून खूप आहे" म्हणणारे मी पाहिले आहेत. आतल्या बाजूचा पॅड मात्र चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि कॅलिपरची पिन अडकली असेल तर एक पॅड धडधाकट आणि दुसरा संपलेला, असेही सापडते. म्हणून दर सहा महिन्यांनी किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, पुढची दोन्ही चाके काढून आतले-बाहेरचे चारही पॅड पाहावेत. टायरची अदलाबदल करताना चाक निघतेच, तेव्हा पाहिले तर वेगळी मजुरीही पडत नाही.

तरीही किलोमीटरचा अंदाज हवाच असेल तर साधारणपणे पुढचे पॅड ३० ते ६० हजार किलोमीटर चालतात असे धरा. रोज बाजारपेठेतून, घाटातून किंवा पाणंदीच्या चिखलातून फिरणाऱ्या गाडीचे त्याआधी संपतात. हायवेवर सरळ धावणाऱ्या आणि पुढचे पाहून पाय आधीच उचलणाऱ्या माणसाचे जास्तही जातात. एकाच घरातल्या दोघा भावांच्या सारख्या गाड्यांचे पॅड वेगवेगळ्या वेळी संपतात, यात नवल नाही. मागच्या ड्रममधले लायनर सावकाश झिजतात, पण तेही वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यावेत. आपल्याकडच्या मातीचा बारीक थर आत बसलेला असतो.

आवाजाचेही सांगतो. काही पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. अस्तर संपत आले की ती डिस्कला लागते आणि ब्रेक लावताना बारीक, कानात घुसणारा चिर्र आवाज येतो. ही सूचना समजा आणि त्या आठवड्यातच गाडी दाखवा. पण 'घर्र घर्र' असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर सूचनेची वेळ गेली, पॅड संपला. सर्वच पॅडना ती जीभ नसते, आणि काचा बंद करून टेप लावला की असलेली जीभही ऐकू येत नाही. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा पहिल्या चार-दोन ब्रेकला येणारा खरखराट मात्र डिस्कवरच्या तांबेऱ्याचा असतो, तो आपोआप जातो. त्याला घाबरू नये. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडलला किंवा स्टिअरिंगला हादरे बसत असतील, किंवा पेडल स्पंजासारखा लागत असेल, तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. अनुक्रमे पिन, डिस्क आणि ऑईल तपासायला सांगा.

आता खर्चाकडे येऊ. आजच्या भावाने लहान मोटारीच्या पुढच्या दोन्ही चाकांचा मिळून चार पॅडचा संच, मेक आणि गाडीप्रमाणे, साधारण हजारापासून तीन हजारांपर्यंत मिळतो. जीप-पिकअपसारख्या जड गाडीला थोडे जास्त पडतात. बसवण्याची मजुरी तालुक्याच्या गॅरेजला तीनशे ते आठशे, कंपनीच्या वर्कशॉपला त्याहून जास्त. पुढच्या डिस्कची जोडी घ्यायची तर तीन हजारांपासून सात हजारांपर्यंत तयारी ठेवावी.

यावरून एक हिशेब मांडू. पॅड वेळेवर बदलले : पॅड १,८०० आणि मजुरी ५००, एकूण २,३०० रुपये. दोन-तीन महिने ढकलले, अस्तर संपले, लोखंडी पट्टीने डिस्कवर चरे पाडले : पॅड १,८००, डिस्कची जोडी ४,५००, मजुरी १,०००, एकूण ७,३०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते हे बाजूला ठेवले तरी पहिला खर्च पाऊण टनाच्या आत आहे आणि दुसरा दोन टनांच्या वर. एकरी ४० टन धरले तर दोन्ही खर्चांतल्या फरकाएवढा, म्हणजे जवळपास दीड गुंठ्याचा ऊस नुसत्या चालढकलीत गेला. पिस्टन फार बाहेर येऊन त्याचे रबरी सील खराब झाले तर कॅलिपरचा खर्च आणखी वेगळा.

ही चालढकल का होते तेही मला माहीत आहे. श्रावण-भाद्रपदात हातात पैसा नसतो. खताची उधारी, पोरांची फी, सणवार. "उसाचं बिल आलं की बघू" हे वाक्य आपल्या भागात प्रत्येक दुरुस्तीला लागते. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, पण आपला ऊस तुटायचा कधी? आडसाली असेल तर आधी, खोडवा असेल तर कदाचित फेब्रुवारी-मार्च. तोवर सारा हंगाम, म्हणजे रस्त्यावरची सगळ्यांत वाईट गर्दी, आपण संपलेल्या पॅडवर काढणार. माझे स्पष्ट मत असे की सीट कव्हर, टेप, काचेवरची नावे हे सर्व बिल आल्यावर करावे. पॅड त्याआधी.

वेळ साधायची तर पाऊस ओसरल्यावर आणि धुराडे पेटण्याआधी. पावसाळ्यात चिखल-पाणी पॅड आणि पिनांमध्ये जाऊन बसते, ते याच वेळी साफ होते. खंडेनवमीला आपण गाडी धुऊन हार घालतो, तिच्या आधीच्या आठवड्यात एकदा चाके काढून पाहावीत. दसरा झाला की गॅरेजवाल्यांकडे ट्रॅक्टर आणि ट्रकची रांग लागते, मग आपल्या कामाकडे नीट लक्ष दिले जात नाही.

माल घेताना पक्के बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा बिलाशिवाय स्वस्त पडते ही सबब आता पूर्वीइतकी टिकत नाही. बनावट पॅड दिसायला हुबेहूब असतात. तापल्यावर त्यांची पकड जाते किंवा अस्तर पट्टीपासून सुटते, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घ्यावेत. एकाच बाजूचे पॅड कधीही बदलू नयेत, दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. नाहीतर गाडी ब्रेकला एकीकडे ओढते.

काम चालू असताना शक्य तर तिथे उभे राहा. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती मिस्त्रीला वाचायला सांगा. लेथवर फिरवून घेतल्यावरही डिस्क त्या आकड्याच्या वर राहत असेल तरच फिरवावी, नाहीतर नवी घ्यावी. कॅलिपरच्या पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचेच ग्रीस लावायला सांगा. साधे ग्रीस रबर फुगवते. जुनी धूळ हवेच्या पाईपने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसू द्या. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ते छातीत जाणे फार वाईट. आणि सर्वांत महत्त्वाचे : काम झाल्यावर गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल पाच-सात वेळा दाबून तो घट्ट झाल्याची खात्री करा. पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पहिला पेडल रिकामाच तळाला जातो. गॅरेजच्या दारातच समोरच्या भिंतीवर गाडी जाण्याचे प्रकार यातूनच होतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळावेत. नवे पॅड डिस्कवर बसायला तेवढा अवकाश लागतो.

ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. ते हवेतले पाणी शोषते. डॉट ४ जातीचे नवे ऑईल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असे त्याचे प्रमाण आहे, तेच पाणी शोषल्यावर १५५ अंशांवर येते. म्हणून फोडून ठेवलेल्या अर्ध्या बाटलीतले ऑईल वापरू नये, आणि त्यात इंजिन ऑईलचा तर थेंबही पडू देऊ नये.

घाटाविषयी एक जुनी सवय सांगितलीच पाहिजे. उतारावर गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिनच बंद करून डिझेल वाचवणारे अजून आहेत. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन आपोआप बंद होते, म्हणजे न्यूट्रलमध्येच उलट जास्त जळते. इंजिन बंद केले तर दोन-तीन दाबांनंतर ब्रेक बूस्टर काम देत नाही आणि पेडल दगडासारखा होतो. जो गिअर घाट चढायला लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. पॅडही वाचतात.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी थोडे वेगळे. अलीकडच्या ट्रॅक्टरचे ब्रेक ऑईलमध्ये बुडालेले असतात, ते बाहेरून पाहता येत नाहीत. तिथे दोन्ही पेडलचा खेळ सारखा आहे का, एवढे आपण पाहू शकतो. शेतात वळवण्यासाठी डावा-उजवा ब्रेक सुटा वापरतात, पण डांबरी रस्त्यावर चढताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. भरल्या ट्रॉलीसह एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो. उतारावर भरलेली बैलगाडी बैलांच्या अंगावर येते, तशीच ब्रेक नसलेली ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलते, आणि ट्रॅक्टरचा ब्रेक कितीही चांगला असला तरी तो ट्रॅक्टरपुरताच असतो. ट्रॉलीला ब्रेक असतील तर हंगामाआधी तिचे ड्रम उघडून लायनर पाहावेत. हबचे ग्रीस गळून लायनरवर आले असेल तर पुसून भागत नाही, लायनरच बदलावे. काट्याच्या रांगेत चढावर उभे राहताना चाकाला दगड लावावा लागतो, तो लावा. रांग पुढे सरकली की तो उचलून कडेला ठेवा. मागून रात्री येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही.

— ऊस विकास अधिकारी